फाइलमधले शब्द: मूल हवं असताना हाती येणारे रिपोर्ट कसे वाचावेत

मूल व्हावं म्हणून तपासण्या सुरू झाल्या की काही महिन्यांत घरात एक जाडजूड फाइल तयार होते. वेगवेगळ्या लॅबचे कागद, सोनोग्राफीच्या फिल्म, दोन-तीन डॉक्टरांची न लागणारी अक्षरं. दवाखान्यात बोलायला दहा मिनिटं मिळतात. मग रात्री नवरा-बायको मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसतात आणि ठळक छापलेला प्रत्येक आकडा म्हणजे आपल्यातला दोष असं धरून चालतात.

आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो पाळीच्या कितव्या दिवशी घेतला, कोणत्या एककात मोजला आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मागवला, हे तिन्ही कळलं तरच त्याला अर्थ येतो. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे. पण त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढी ओळख या शब्दांशी व्हायलाच हवी.

आधी फाइल लावा

कागदांचे दोन गठ्ठे करा, एक तिचा, एक त्याचा. दोन्ही तारखेनुसार लावा. त्याच्या गठ्ठ्यात एकही कागद नसेल तर पुढचं वाचण्याआधी तिथेच थांबा. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण, एकट्याने किंवा बाईकडच्या कारणासोबत, खूप जोडप्यांत सापडतं. आणि वीर्य तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त, सोपी, अजिबात न दुखणारी तपासणी आहे. तरीही आपल्याकडे बाईच्या नळ्यांचा एक्स-रे आधी होतो आणि नवऱ्याची तपासणी ‘बघू नंतर’मध्ये राहते. हा क्रम चुकीचा आहे, आणि तो बदलण्याचा आग्रह घरच्यांनी धरायला हवा.

तिच्या प्रत्येक रिपोर्टवर पेन्सिलने पाळीचा दिवस लिहा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचे नुसते डाग धरायचे नाहीत. अंडं साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी फुटतं. म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, पण ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. ‘चौदावा दिवस’ हा सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून अंडं फुटण्याआधीचे पाच दिवस आणि फुटण्याचा दिवस, हे सहा दिवस महत्त्वाचे.

केसपेपरवरचे पहिले शब्द

इन्फर्टिलिटी म्हणजे वंध्यत्व. पण वैद्यकात याचा अर्थ ‘मूल होणारच नाही’ असा नाही. बारा महिने नियमित, कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवूनही दिवस न राहणं, एवढाच त्याचा अर्थ. बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासणी सुरू करतात, चाळिशीनंतर वाट पाहू नये. पहिल्या वर्षात दिवस न राहिलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात आपोआप राहतात. वांझ हा शब्द या सगळ्याच्या जवळपासही येत नाही आणि तो घरात कोणी उच्चारू नये.

‘प्रायमरी’ म्हणजे आधी कधीच दिवस राहिलेले नाहीत. ‘सेकंडरी’ म्हणजे आधी कधीतरी राहिले होते, मग बाळ झालेलं असो वा नसो. ‘अनएक्स्प्लेन्ड’ लिहिलं असेल तर अंडं फुटतं आहे, नळ्या मोकळ्या आहेत, वीर्य ठीक आहे आणि तरी कारण सापडलेलं नाही, असा त्याचा अर्थ. ‘सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका’ हा त्याचा अनुवाद नव्हे. सध्याच्या तपासण्यांना कारण दिसत नाही, इतकंच ते सांगतं आणि त्यावर उपचारही असतात.

केसपेपरच्या कोपऱ्यात जी, पी, ए, एल ही इंग्रजी अक्षरं आकड्यांसह असतात. जी म्हणजे आजवर किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे आज हयात मुलं किती. ए म्हणजे अबॉर्शन, आणि इथे घराघरांत गैरसमज होतो. वैद्यकीय भाषेत आपोआप झालेला गर्भपातही अबॉर्शनच असतो. ‘स्पाँटेनियस अबॉर्शन’, ‘मिस्ड अबॉर्शन’ हे शब्द वाचून सासरच्यांनी सुनेवर संशय घ्यावा, असं त्यात काहीही नाही. तिने काही केलं असं तो शब्द म्हणत नाही.

त्याचा रिपोर्ट: वीर्य तपासणी

आधी नमुना कसा दिला ते आठवा. दोन ते सात दिवस वीर्यपतन नको. पूर्ण नमुना भांड्यात यायला हवा, कारण सुरुवातीच्या भागातच शुक्राणू सर्वाधिक असतात. तोच भाग सांडला असेल तर लॅबला सांगा आणि तपासणी पुन्हा करा. घरून नेत असाल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतले खालच्या मर्यादेचे आकडे असे: प्रमाण १.४ मिली, दर मिलीलिटरमध्ये १६ मिलियन शुक्राणू, पूर्ण नमुन्यात ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, सुबक आकाराचे ४ टक्के. मिलियन म्हणजे दहा लाख, तेव्हा १६ मिलियन म्हणजे एक कोटी साठ लाख. जुन्या आवृत्तीचे आकडे वापरणाऱ्या लॅबच्या कागदावर थोडा फरक दिसेल.

हे आकडे आले कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने तपासले, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची सीमारेषा ही मर्यादा म्हणून घेतली. म्हणजे या रेषेखालचे काही पुरुषही बाप झालेले आहेत आणि रेषेवरच्या प्रत्येकाला मूल होईल अशी हमी नाही. ‘मॉर्फॉलॉजी’ म्हणजे आकार; ‘मॉर्फॉलॉजी ४ टक्के’ वाचून ९६ टक्के बिघडलेले आहेत म्हणून रडू फुटतं. तो आकडा मर्यादेत आहे. निरोगी पुरुषाच्या वीर्यातही बहुतेक शुक्राणू काटेकोर मापाला उतरत नाहीत.

निदानाचे शब्द तोडून वाचा. ‘ऑलिगो’ म्हणजे संख्या कमी, ‘अस्थेनो’ म्हणजे हालचाल मंद, ‘टेराटो’ म्हणजे आकारात फरक. तिन्ही एकत्र असतील तर लांबलचक शब्द होतो आणि त्याची भीती उगाच जास्त वाटते. ‘अझूस्पर्मिया’ म्हणजे नमुन्यात एकही शुक्राणू दिसला नाही. याचे दोन प्रकार असतात. एकात वृषणात शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, ते ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’. दुसऱ्यात तयार होण्यातच अडचण असते, ते ‘नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह’. पुढचा सगळा रस्ता या फरकावर ठरतो, म्हणून कोणता प्रकार आहे हे विचारल्याशिवाय उठू नका. वाट बंद असेल तर वृषणातून किंवा त्यालगतच्या नळीतून सुईने शुक्राणू काढता येतात. ‘टेसा’, ‘पेसा’ ही त्या प्रक्रियांची नावं.

एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी डेंगीने फणफणला असाल तर आजच्या नमुन्यात त्याचा परिणाम दिसू शकतो. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, शून्य आलं असेल तर मात्र लवकर. आणि जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती थांबवतं. ‘ताकदीचं’ म्हणून घेतलेलं औषधच इथे कारण असू शकतं.

तिच्या रक्ततपासण्या

एफएसएच, एलएच (मेंदूकडून अंडाशयाला हुकूम देणारी हार्मोन) आणि इस्ट्रॅडिऑल (अंडाशयात तयार होणारं हार्मोन) या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायच्या. दहाव्या दिवशी घेतलेला एफएसएच या कामाचा नाही, मग तो कितीही सुंदर दिसो. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल एकत्रच वाचतात, कारण इस्ट्रॅडिऑल वाढलेलं असेल तर ते एफएसएचला खाली दाबतं आणि कागद खोटाच चांगला दिसतो.

प्रोजेस्टेरॉन म्हणजे अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन. त्याला कागदावर ‘डे २१’ लिहितात. तो नियम २८ दिवसांच्या चक्राचा. खरी वेळ म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. ३५ दिवसांचं चक्र असणाऱ्या बाईने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर ‘अंडं फुटत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, आणि त्यावर औषधंही सुरू होतात.

सर्वांत जास्त रडवणारा आकडा एएमएचचा, म्हणजे अंडाशयातल्या शिल्लक बीजांचा अंदाज देणाऱ्या हार्मोनचा. तो पाळीच्या कोणत्याही दिवशी चालतो. आधी एकक बघा: काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिली देतात, काही पिकोमोल प्रति लिटर. पहिल्या एककातला १ म्हणजे दुसऱ्यातला साधारण ७. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘दहावरून दीडवर आला’ म्हणून धसका घेण्याआधी हे तपासा, कदाचित तो तोच आकडा असेल. कणगीत धान्य किती उरलंय याचा अंदाज एएमएच देतं. दाणा कसदार आहे का, हे ते सांगत नाही. बीजांचा कस प्रामुख्याने वयावर अवलंबून असतो. आयव्हीएफची (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराची) इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील, याचा अंदाज घ्यायला ही तपासणी उत्तम आहे. पाळी नियमित असलेल्या बाईला आपोआप दिवस राहतील की नाही, हे सांगायला ती कमी पडते. ‘एएमएच कमी, म्हणून ताबडतोब आयव्हीएफ’ असं कोणी म्हटलं तर वय, पाळी, नळ्या आणि वीर्य या चारही गोष्टी मांडून मगच निर्णय मागा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच कमी दिसू शकतं, तेही सांगा.

प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) थोडं वाढलेलं आलं तर शांतपणे पुन्हा तपासा, सकाळी, धावपळ न करता. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन असतं आणि ते प्रोलॅक्टिन वाढवतं. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तेही लॅबला सांगा, थायरॉइडच्या आकड्यांत त्याने घोळ होतो.

‘टॉर्च’ नावाचा, काही संसर्गांच्या तपासण्यांचा, एक पॅनेल अनेक फायलींत दिसतो. त्यात ‘रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेलं असतं आणि घर हादरतं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी संसर्ग झाला किंवा लस घेतली आणि शरीरात संरक्षण आहे. ही चांगली बातमी आहे. आयजीजी आणि आयजीएम ही संसर्गाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं. ताज्या संसर्गाची शंका आयजीएमवरून घेतात आणि तीही पडताळून पाहतात.

सोनोग्राफी: वर्णन वेगळं, आजार वेगळा

सोनोग्राफीचा कागद म्हणजे डॉक्टरांना जे दिसलं त्याचं वर्णन. त्यातला प्रत्येक शब्द आजार नसतो. ‘रेट्रोव्हर्टेड’ म्हणजे पिशवी मागे झुकलेली, अनेक बायकांची असते, तिच्यामुळे मूल होत नाही असं नाही. ‘नाबोथियन सिस्ट’ गर्भाशयमुखावरच्या निरुपद्रवी गाठी. ‘पीओडीमध्ये थोडं फ्री फ्लुइड’ म्हणजे पिशवीमागच्या खोलगट जागेत थोडं पाणी, अंडं फुटल्यावर दिसणं स्वाभाविक. ‘कॉर्पस ल्युटियम’ हे तर अंडं फुटल्याची खूण. ‘हेमरेजिक सिस्ट’ म्हणजे रक्त साठलेली गाठ, ती बहुतेकदा एक-दोन पाळ्यांत विरते, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघतात.

‘बल्की युटेरस’बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. मोठी दिसणारी पिशवी, एवढाच त्याचा अर्थ. बाळंतपणानंतर पिशवी थोडी मोठी राहते. कधी त्यामागे फायब्रॉइड किंवा ॲडिनोमायोसिस (पिशवीचं अस्तर तिच्या भिंतीत शिरणं) असतं, आणि तेव्हा त्या कारणाचा उपचार करायचा. पण आपल्या गावागावांत याचं ‘पिशवीला सूज आहे’ होतं आणि पुढचं वाक्य ‘काढून टाका’ हे असतं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गेली. तिशीतल्या बायकांच्याही पिशव्या काढल्या गेल्या होत्या. कागदावर फक्त ‘बल्की’ असेल आणि कोणी शस्त्रक्रिया सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

फायब्रॉइड म्हणजे स्नायूची गाठ. आकारापेक्षा आधी जागा बघा. ‘सबम्युकस’ म्हणजे आतल्या पोकळीत डोकावणारी, गर्भ रुजायला तीच जास्त अडवते. ‘सबसिरस’ बाहेरच्या बाजूला असते आणि तिचा गर्भधारणेशी सहसा संबंध नसतो. ‘इंट्राम्युरल’ भिंतीत असते, तिथे पोकळी वाकडी झाली आहे का हा प्रश्न विचारायचा. ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणजे एन्डोमेट्रिऑसिसमुळे (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढल्यामुळे) अंडाशयात साठलेलं जुनं रक्त. तिची शस्त्रक्रिया करताना अंडाशयातली बीजंही कमी होऊ शकतात, म्हणून ऑपरेशनआधी एएमएच तपासून घ्या.

पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा तोल बिघडणं. नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान होत नाही. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, चेहऱ्यावर लव किंवा रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेले असणं, आणि अंडाशयात बारीक फॉलिकल्सची (बीज असलेल्या पाणीदार पुटकुळ्यांची) गर्दी किंवा वाढलेलं एएमएच. थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी इतर कारणंही आधी बाजूला काढावी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील अशा मुलीला सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारू नये. मूल हवं असेल तेव्हा अंडं तयार होण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचं औषध आहे. हे नाव मोबाईलवर शोधलं की स्तनाच्या कर्करोगाचं औषध म्हणून दिसतं. घाबरू नका. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठवली गेली.

‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणजे फॉलिकल वाढताना दर एक-दोन दिवसांनी बघणं. ती साधारण १८ ते २४ मिलिमीटरची झाली की अंडं फुटतं. ‘ईटी’ म्हणजे पिशवीच्या अस्तराची जाडी, ७ मिलिमीटरच्या पुढे असली की डॉक्टर समाधानी असतात.

नळ्यांचा एक्स-रे

पिशवीत औषध सोडून काढलेल्या या एक्स-रेला एचएसजी म्हणतात. तो पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटण्याआधी करतात. ‘बायलॅटरल फ्री स्पिल’ म्हणजे दोन्ही नळ्यांतून औषध मोकळेपणाने बाहेर पडलं, उत्तम. ‘कॉर्न्युअल ब्लॉक’ म्हणजे पिशवीच्या कोपऱ्यापाशी अडलं. इथे खरा अडथळा असेल किंवा दुखण्यामुळे नळी क्षणभर आवळली असेल. दुसऱ्या मार्गाने खात्री होईपर्यंत ‘नळी बंद’ हे अंतिम मानू नका. ‘हायड्रोसाल्पिंक्स’ म्हणजे टोकाशी बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी. ते पाणी पिशवीत उतरून गर्भाला रुजू देत नाही, म्हणून आयव्हीएफच्या आधी ती नळी काढायला किंवा बांधायला सांगतात. हा सल्ला ऐकायला क्रूर वाटतो, पण त्याला भक्कम आधार आहे.

आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. त्यासाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. फक्त पीसीआर (जंतूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं, बाकी कशातच क्षयाची खूण नाही, तर लगेच गोळ्या सुरू कराव्यात का यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ‘आणखी कोणता पुरावा आहे?’ हे विचारा.

उपचारांची भाषा

आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू थेट पिशवीत सोडतात, त्यासाठी निदान एक नळी मोकळी हवी. आयव्हीएफमध्ये बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र ठेवतात. इक्सीमध्ये एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचं बाळ जन्मलं ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी. म्हणजे या उपचाराला महाराष्ट्रात जवळपास चार दशकं झाली.

प्रत्येक टप्प्यावर आकडा घटतो, हे आधीच माहीत असलं की धक्का कमी बसतो. समजा बारा बीजं निघाली, त्यांतली नऊ पक्व, सात फळली, आणि पाचव्या दिवसापर्यंत तीन वाढली. असं घटणं म्हणजे काही चुकलं असं नाही. पाचव्या दिवसाच्या गर्भाला ‘ब्लास्टोसिस्ट’ म्हणतात. त्याचा दर्जा ‘४एए’ असा लिहितात: आकडा फुगण्याचा टप्पा दाखवतो, पहिलं अक्षर बाळ बनणाऱ्या पेशींचं, दुसरं वार बनणाऱ्या पेशींचं. ‘एफईटी’ म्हणजे गोठवलेला गर्भ नंतरच्या पाळीत सोडणं.

‘ओएचएसएस’ हा शब्द संमतीपत्रात हमखास असतो. इंजेक्शनांना अंडाशयांनी अति प्रतिसाद देणं, असा त्याचा अर्थ. पोट झपाट्याने फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

क्लिनिकच्या भिंतीवर ‘सक्सेस रेट’ लिहिलेला असतो. तो कशाचा, हे विचारा. नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टचा, सोनोग्राफीत दिसलेल्या गर्भाचा, की घरी नेलेल्या बाळाचा? सुरू केलेल्या प्रत्येक सायकलमागे, की फक्त गर्भ सोडलेल्यांमागे? माझ्या वयाच्या बायकांत, स्वतःच्या बीजांनी? उत्तर टाळलं गेलं तर ते लक्षात ठेवा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक क्लिनिकला नोंदणी आणि लेखी संमती बंधनकारक आहे, आणि बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत असावं लागतं.

टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर

अंडं फुटण्यासाठी एचसीजीचं (गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे दहा-चौदा दिवस घरची टेस्ट त्या औषधामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातल्या ‘बीटा एचसीजी’चा एक आकडा पुरत नाही, ४८ तासांनी तो कसा वाढला हे बघतात. ‘बायोकेमिकल प्रेग्नन्सी’ म्हणजे रक्तात गर्भधारणा दिसली, पण सोनोग्राफीत दिसण्याआधीच थांबली. तिचं दुःख खरं असतं, घरच्यांनी ते मोजत बसू नये.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भ खरोखर राहण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून. लग्नाला पाच आठवडे झालेत आणि सोनोग्राफीत सात आठवडे लिहिलेत, यात काहीही विसंगत नाही. हे डॉक्टरांनी नवऱ्यासमोर, सासूसमोर मोठ्याने सांगावं.

‘सीआरएल’ म्हणजे गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. ती ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नसतील तरच गर्भ थांबल्याचं निदान पक्कं मानतात. त्याहून लहान असेल तर आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची. पाळी उशिरा येणाऱ्या बाईत गर्भ अपेक्षेपेक्षा लहान दिसणं साहजिक आहे. म्हणून पहिल्याच सोनोग्राफीवर गोळ्या घेऊन पिशवी साफ करण्याची घाई नको.

घाई करायची ती फक्त ‘एक्टोपिक’ या शब्दापाशी. गर्भ पिशवीत न रुजता बाहेर, बहुतेकदा नळीत, रुजला आहे, असा त्याचा अर्थ. टेस्ट पॉझिटिव्ह आहे, सोनोग्राफीत पिशवी रिकामी आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाला कळ येतेय किंवा चक्कर येऊन पडायला होतंय, तर रात्री दोन वाजलेले असले तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. फाइल सोबत घ्या आणि दारातच शेवटच्या पाळीची तारीख सांगा.